बंडूला कोणता शब्द कळतो? आफ्रिकन ग्रे पोपटाच्या चाचणीच्या नोंदी

ठाण्यात चरईला माझ्या मामांकडे बंडू नावाचा आफ्रिकन ग्रे पोपट आहे. अंग राखाडी, शेपटी लालभडक, बोलणं अखंड. घरातल्यांचं ठाम मत आहे की "त्याला सगळं कळतं." शाळेत घोकंपट्टी करणाऱ्याला पोपट म्हणून हिणवतात, म्हणजे बाकीच्या जगाचं मत नेमकं उलटं. यातलं खरं काय ते एकदा नीट तपासून बघायचं आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे मी, मामा, मामी आणि मामेबहीण गौरी. मला नोकरीमुळे रविवारच मिळतो, रोजचा सराव मामा-गौरी घेतात. ज्यांच्या घरी बोलका पोपट आधीपासूनच आहे त्यांना हे करून बघायचं असेल, तर आमचा जो वेळ गेला तो त्यांचा वाचावा म्हणून या नोंदी.

एक गोष्ट आधीच सांगतो. या कामासाठी पक्षी विकत आणू नका. येऊरच्या झाडांवर दिसणारा आपला हिरवा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आफ्रिकन ग्रे हा मध्य आणि पश्चिम आफ्रिकेतला पक्षी. पाळण्यासाठी पकडून पकडून त्याची रानातली संख्या इतकी घटली की २०१७ पासून तो साइटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक बंधनांच्या परिशिष्टात आहे. भारतात असा पक्षी घरी असेल तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. बंडूची झालेली आहे.

८ जून २०२५

पहिलं काम वहीचं. पिंजऱ्याशेजारच्या खिळ्याला वही आणि पेन्सिल टांगली. बंडू बोलला की ज्याने ऐकलं त्याने दोन रकाने भरायचे: काय बोलला, आणि त्याच्या लगेच आधी घरात काय झालं. दुसरा रकाना जास्त महत्त्वाचा. मामींनी पहिल्याच ओळीत लिहिलं, "भूक लागली म्हणून बोलला." मी म्हटलं, "मामी, का बोलला ते नको. आधी काय घडलं तेवढंच लिहा." मग ती ओळ "दुपारी, ताटं मांडताना" अशी झाली. ही सवय लागायला वेळ जातो, पण तिच्याशिवाय पुढचं सगळं फुकट आहे.

२२ जून

वही वाचून काढली. मामा बाहेर निघाले की बंडू "येतो हं" म्हणतो, आणि आजवर घरात सगळे त्याला निरोप समजत होते. वहीत मात्र प्रत्येक वेळी आधीच्या रकान्यात चाव्या होत्या. लगेच करून पाहिलं. मामा चपला घालून चाव्या न वाजवता गुपचूप बाहेर पडले, बंडू गप्प. परत येऊन सोफ्यावर बसले, पेपर उघडला आणि खिशातल्या चाव्या हलवल्या. "येतो हं!" म्हणजे हे शब्द निघण्याला जोडलेले नाहीत, चाव्यांच्या आवाजाला जोडलेले आहेत.

दुसरा शब्द "अहो". मामी मामांना हाक मारतात तो. मामा दिसेनासे झाले की बंडू जोरात "अहो!" ओरडतो आणि मामा खूश होतात, की हा मला बोलावतो. पण वहीत असं दिसलं की मामी गच्चीवर गेल्या, गौरी कॉलेजला गेली, तरी हाक तीच. जो नजरेआड होईल त्याच्यासाठी "अहो". पोपट रानात थव्याने राहतात आणि दाट झाडीत एकमेकांना साद घालून "मी इथे आहे, तू कुठे?" हे कळवत राहतात. घरात आपणच त्याचा थवा, त्यामुळे त्या सादेच्या जागी त्याने घरातली सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारी हाक बसवली. मामा जरा खट्टू झाले. मला मात्र हा वहीतला सगळ्यात मोलाचा शोध वाटतो. शब्दाचा अर्थ आपल्या मनातला नसला, तरी त्याचा वापर पूर्णपणे हेतूने चालला आहे.

"नको"ची गोष्ट वेगळी निघाली. मामींनी कारल्याचा तुकडा पुढे केला, त्याने डाव्या पायाने त्यांचा हात बाजूला ढकलला, डोळ्यांच्या बाहुल्या झरझर बारीक-मोठ्या केल्या आणि म्हणाला, "नको." त्याच हाताने त्याच पद्धतीने अक्रोड पुढे केल्यावर एक अक्षर न बोलता घेतला. कारलं, वांगं, औषधाचा ड्रॉपर, सगळ्यांना "नको". आवडीच्या वस्तूला एकदाही नाही.

६ जुलै

शिकवायला सुरुवात. पद्धत आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन संशोधिकेची. त्यांनी १९७७ मध्ये शिकागोजवळच्या एका दुकानातून ॲलेक्स नावाचा आफ्रिकन ग्रे घेतला आणि २००७ मध्ये तो वारला तोवर, म्हणजे तीस वर्षं, त्याच्यावर काम केलं. ॲलेक्स पन्नासेक वस्तू, सात रंग, पाच आकार नावाने सांगायचा. "पाच-सहा महिन्यांत आमच्या पोपटाला सगळं येईल" असं मनात असेल तर हा तीस वर्षांचा आकडा आधी लक्षात घ्या.

पद्धतीत दोन माणसं लागतात. मामा वस्तू हातात धरून गौरीला विचारतात, "हे काय?" गौरी म्हणते, "चमचा." मामा शाबासकी देऊन चमचा तिला देतात, ती तो हातात घेऊन त्याच्याशी खेळते. मधूनच गौरी मुद्दाम चुकीचं सांगते, मग वस्तू लगेच लांब. नंतर भूमिकांची अदलाबदल. पोपट बाजूला बसून बघतो आणि त्याला त्या वस्तूचा हेवा वाटायला लागतो. पेपरबर्ग यांच्या कामात नुसत्या ध्वनिफिती किंवा व्हिडिओ दाखवून पोपट शब्द शिकले नाहीत, त्यामुळे मोबाइलवर शब्द लावून ठेवण्याच्या फंदात पडलो नाही.

वस्तू ठरवताना चावी बाद केली. जस्ताचा मुलामा असलेलं किंवा शिसं मिसळलेलं काहीही पोपटाने चावलं तर विषबाधा होते. लाकडी चमचा, कपड्यांचा लाकडी चिमटा (स्प्रिंग काढून) आणि अक्रोड घेतले. चमचे जांभळी नाक्यावरून, ४० रुपयांना एक. बंडू एका बैठकीत एका चमच्याचा भुसा करतो, तेव्हा डझनानेच घ्या.

२० जुलै

दोन गोष्टी बिघडल्या.

बक्षीस म्हणून प्रत्येक बरोबर उत्तराला शेंगदाणा देत होतो. आठवड्याभरात तो चमचा बघून "दाणा", चिमटा बघून "दाणा" म्हणायला लागला. त्याच्या बाजूने हे अगदी रास्त आहे, कारण प्रत्येक वस्तूमागून दाणाच येत होता. आता जी वस्तू बरोबर सांगेल तीच त्याला मिळते. चमचा म्हटलं की चमचा, कुरतडायला. ॲलेक्सलाही असंच द्यायचे. शेंगदाणे घरातूनच बंद केले, त्याला आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात आपल्या हवेत दाण्यांवर बुरशी धरते आणि तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन पक्ष्यांच्या यकृताला घातक असतं. अक्रोड महाग पडतात, पण हवाबंद बरणीत टिकतात.

दुसरं, चमचा आणि चिमटा. दोन्ही "च"ने सुरू, दोन्हींत "म", दोन्हींचा शेवट सारखा. बंडू "चम्टा" असं काहीतरी म्हणायचा आणि दोन्ही मिळवायचा. चिमटा काढून कागद घेतला. शब्द निवडताना पहिलं अक्षर, स्वर आणि लांबी तिन्ही वेगळं असेल असं बघा. प, फ, ब, म ही ओठांनी बोलायची अक्षरं त्याला जड जातात, कारण त्याला ओठच नाहीत. तो आवाज छातीत श्वासनलिका दुभंगते तिथून काढतो आणि जाड जिभेने त्याला आकार देतो. म्हणून त्याचं स्वतःचं नाव अजूनही "अंडू" ऐकू येतं.

३ ऑगस्ट

बोलून दाखवणं आणि कळणं वेगळं, म्हणून आज पहिली निवडीची चाचणी. जुन्या पाटावर तीन वस्तू ओळीने मांडायच्या, मामांनी एक नाव घ्यायचं, बंडूने ती उचलायची. जवळजवळ सगळ्या बरोबर! मामांनी लगेच मामींना हाक मारून सांगितलं.

मला व्हिडिओ बघताना शंका आली. "कागद" म्हणताना मामांची मान कागदाकडे वळते, अगदी थोडी, पण वळते. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा होता, तो खुराने टापा मारून गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की समोरच्या माणसाला स्वतःला उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही येत नाही. बरोबर टाप आली की माणसाचं अंग नकळत सैल पडायचं, घोडा ते टिपून थांबायचा. फॉन ऑस्टेन फसवत नव्हते. मामाही नव्हते. पण बंडू काय वाचत होता, शब्द की मान, हे आजच्या चाचणीतून कळत नाही. म्हणून आजचा निकाल धरायचा नाही असं ठरलं.

१० ऑगस्ट

पडदा बसवला. बैठकीची खोली आणि पॅसेज यांच्यामध्ये दांडी आणि जाड चादर, खर्च ३५० रुपये. पाटाला कडेने पट्टी ठोकून घेतली, नाहीतर अक्रोड गडगडत जातो. बंडू बसतो ती फांदी पेरूची, सोसायटीच्या माळ्याने दिली.

आता कामं अशी वाटली. मामा पडद्यामागे, डब्यातून चिठ्ठी काढून तो शब्द म्हणायचा, पाट त्यांना दिसत नाही. गौरी पाट मांडते आणि मामा बोलण्याआधीच भिंतीकडे तोंड करून उभी राहते. कोणती वस्तू कुठे ठेवायची ते फासा टाकून. हे गरजेचं आहे, कारण बंडू डावखुरा आहे आणि काही कळलं नाही की डावीकडची वस्तू उचलतो. मोबाइल तिवईवर. उत्तरं मी नंतर व्हिडिओवरून भरतो, आवाज बंद करून, म्हणजे कोणता शब्द विचारला होता ते मलाही माहीत नसतं.

निकाल कोसळला. तीन वस्तूंत डोळे मिटून उचललं तरी तिनातून एक लागतोच, आणि बंडू जेमतेम तेवढ्यावर आला. अक्रोड सोडून. मामा म्हणाले, "अरे, मी दिसत नाही म्हणून तो बावरलाय." हे म्हणणं मला उडवून लावावंसं वाटलं नाही. शब्द कळत नाही म्हणून चुकतोय, की पडद्यामागून येणारा आवाज त्याच्यासाठी बोलणंच नाही म्हणून? दोन्ही शक्यता उघड्या आहेत. मामांचा आवाज रेकॉर्ड करून स्पीकरवर लावून पाहिला तर बंडूने पाटाकडे बघितलंही नाही, स्पीकरच्या दिशेने "अहो!" ओरडला.

१७ ऑगस्ट

काम बंद. काल दहीहंडी झाली. आपल्याकडे ठाण्यात त्या दिवशी काय आवाज असतो ते सांगायला नको. बंडूला आतल्या खोलीत पिंजऱ्यावर चादर टाकून ठेवलं, तरी त्याने दिवसभर काही खाल्लं नाही आणि छातीची दोन-चार पिसं उपटली. आज सरावाचं नावही काढलं नाही. तुमचं वेळापत्रक सणांच्या बाहेर ठेवा, पुढे गणपती आणि दिवाळी आहेतच.

७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं. गणपतीत एक गोष्ट हाती लागली, ती सगळ्यांनी करून पाहावी अशी आहे. कुणी "गणपती बाप्पा" म्हटलं की बंडू खणखणीत "मोरया!" म्हणतो. येणारे पाहुणे अक्षरशः हात जोडतात. गौरीने त्याच ठेक्यात, त्याच चढ्या सुरात म्हटलं, "शंभर किलो कांदा!" बंडू: "मोरया!" मग तिनेच अगदी सपाट आवाजात, वर्तमानपत्र वाचल्यासारखं "गणपती बाप्पा" म्हटलं. काही नाही. इथे शब्दाला काहीही काम नाही, सगळं काम चालीचं आहे.

म्हणून आता चाचणीचा शब्दही मामा सपाट आवाजात म्हणतात. "अक्रोड" म्हणताना त्यांचा सूर लाडात वर जायचा, ते व्हिडिओत ऐकू येतं. बंडूचा अक्रोड पडद्यानंतरही टिकला, त्यात सुराचा वाटा असू शकतो.

२८ सप्टेंबर

मधल्या काळात एकच बदल केला: मामा रोज सकाळी पडद्याआडून त्याच्याशी बोलतात आणि बोलून झालं की बाहेर येतात. पडदा हळूहळू त्याच्या अंगवळणी पडला. आता तो आवाज आला की चादरीकडे बघतो आणि मग पाटाकडे.

आज पुन्हा पूर्ण चाचणी, सपाट आवाजात. अक्रोड आणि कागद जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर. चमचा त्याहून कमी, पण अंदाजाने लागेल त्यापेक्षा स्पष्टपणे वर. नव्याने घेतलेला ठोकळा अजून अंदाजपंचे.

शेवटी एक चाचणी गौरीच्या डोक्यातून निघाली. पाटावर चमचा, कागद, ठोकळा. अक्रोड नाहीच. पडद्यामागून मामा: "अक्रोड." बंडू पाटाच्या कडेपर्यंत आला. मान तिरकी करून एकेक वस्तू एका डोळ्याने बघितली. कागद चोचीने उलटला, खाली बघितलं, सोडून दिला. मग पाटावरून उतरून गौरीच्या पाठीशी गेला, तिच्या मुठीकडे मान लांब केली आणि म्हणाला, "अक्रोड." इथे खुणेला वाव नव्हता, कारण खूण करावी अशी वस्तूच समोर नव्हती. त्याच्याकडे फक्त शब्द होता, आणि त्या शब्दावरून तो समोर नसलेली वस्तू शोधत होता. मी हा तुकडा मामींना लावून दाखवला, त्या दोनदा बघून म्हणाल्या, "मी म्हणतच होते." यावेळी त्यांचं बरोबर होतं.

एक नमुना स्पष्ट दिसतोय. "नको", "अक्रोड", "कागद" हे टिकले, कारण हे शब्द वापरून त्याला काहीतरी मिळतं किंवा टळतं. "येतो हं", "मोरया" नुसते कानावर पडलेले, त्यांचा त्याला कधी उपयोगच झाला नाही. पोपटाला भाषा कळते का, हा प्रश्न असा सरसकट विचारण्यात अर्थ नाही. एकेक शब्द घेऊन विचारावा लागतो, आणि त्या शब्दाचं त्या पक्ष्याच्या आयुष्यात काय काम आहे ते आधी बघावं लागतं.

१९ ऑक्टोबर

रंग. इथे आपल्या भाषेची अडचण आली, ती इंग्रजीत शिकवणाऱ्यांना येत नाही. हिरवा चमचा, हिरवी काडी, हिरवं बूच: एकाच रंगाची तीन रूपं त्याच्या कानावर पडत होती. आता वस्तू सगळ्या पुल्लिंगीच घेतल्या: चमचा, कागद, ठोकळा. रंग दोन, लाल आणि हिरवा.

ऑइल पेंट चालणार नाही, तो चावतो. हळद आणि बिटाने रंगवून पाहिलं, बीट दोन दिवसांत तपकिरी पडलं. खाण्याचा रंग पाण्यात उकळून त्यात लाकूड रात्रभर भिजत ठेवलं, मग तीन दिवस सुकवलं. तरी ओल्या चोचीने सुटतो आणि चोच हिरवी होते, पण चालण्यासारखं आहे. सगळ्या वस्तूंना एकाच बाटलीतला रंग वापरा. पोपटाला आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात, अतिनील प्रकाशही दिसतो. दुकानातून आणलेला लाल कार्डपेपर आणि घरी रंगवलेला लाल चमचा आपल्याला एकसारखे वाटले तरी त्याला ते वेगळे दिसू शकतात. बाजारचा कागद बदलून पांढरा कागद त्याच रंगात बुडवल्यावर गोंधळ कमी झाला.

९ नोव्हेंबर

दिवाळीचे फटाके आणि पिसं गळण्याचा काळ यांत बरेच दिवस गेले. पिसं येताना तो चिडचिडा असतो, अंगाला हात लावू देत नाही. बळजबरी केली नाही.

आज सगळ्यात अवघड चाचणीची पहिली फेरी. ॲलेक्सच्या कामातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच: समोरचं ताट तेच ठेवायचं आणि प्रश्न बदलायचा. त्याला दोन वस्तू दाखवून "काय सारखं?" किंवा "काय वेगळं?" विचारायचे, आणि उत्तर रंग, आकार किंवा पदार्थ असं द्यावं लागायचं. काहीच वेगळं नसेल तर "काही नाही". साधारण ऐंशी टक्के वेळा तो बरोबर असे. ताट तेच असल्याने नुसतं बघून उत्तर येत नाही, प्रश्न ऐकून समजावाच लागतो.

आमचं रूप सोपं: हातात हिरवा चमचा, आणि "काय आहे?" किंवा "रंग कोणता?" बंडू दोन्हीला "चमचा" म्हणतो. गौरीने रंगाचा प्रश्न पुन्हा विचारल्यावर "नको" म्हणून पाठ फिरवली. रंगांची नावं त्याला निवडीच्या चाचणीत बऱ्यापैकी येतात, "हिरवा" म्हटलं की हिरवा उचलतो. पण प्रश्नातला फरक त्याच्यापर्यंत अजून पोचलेला नाही, हे आज तरी स्वच्छ आहे. मामा म्हणाले, "पोचेल, घाई कशाला?" मलाही तसंच वाटतं, पण वहीत "नाही" असंच लिहिलं.

३० नोव्हेंबर

आतापर्यंतचा खर्च: दांडी-चादर ३५०, तिवई ६००, रंग १२०, चमचे आणि लाकूड हजाराच्या आसपास, अक्रोड त्याहून बरेच जास्त. पक्ष्यांच्या डॉक्टरांची तपासणी एकदा करून घेतली, ती आधीच करा. आजारी पोपट आजार लपवतो आणि आपण त्याला मठ्ठ समजतो.

सरावाची वेळ कमी केली. दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी. त्याने "नको" म्हटलं की तिथेच बंद. हा नियम मामींनी घातला आणि तो बरोबर आहे: जो शब्द त्याला खरोखर कळतो तो आपण मानला नाही, तर बाकीचे तो कशाला शिकेल?

पुढचा टप्पा असा. रंगाचा प्रश्न गौरी आणि मामा एकमेकांना विचारतील, उत्तर दिल्यावर वस्तू न देता त्या रंगाचा कागदाचा तुकडा देतील, म्हणजे "रंग" या शब्दालाही स्वतःचं काहीतरी मिळेल. "काय आहे?" ला वस्तू, "रंग कोणता?" ला तुकडा. कागद कापून, भिजवून गच्चीवर सुकत घातले आहेत. ठोकळ्याऐवजी दोरा घेतोय, कारण ठोकळा बंडूला आवडत नाही आणि नावडत्या वस्तूचं नाव तो शिकत नाही. पडदा तसाच राहील.